हॅरोच्या रस्त्यावरील शवपेटी

इंग्लंडांत हॅरो येथें एक जुनी निवासी शाळा आहे. जॉन लायन ह्या शेतकऱ्यानें इ. स. १५७२ मध्यें राणीची सनद मिळवून ती स्थापिली. कवि बायरन व मुत्सद्दी पील ह्यांचीं कोरलेलीं नांवें तेथील लांकडी तक्त्यांवर अद्यापि दिसतात. परंतु आम्हांस शाळेजवळील लॉर्ड शॅफ्ट्सबरी ह्यांचा स्मृतिलेख अधिक बोलका वाटतो.

ह्या उमरावपुत्राचा जन्म १८०१ चा. सुमारें १४ व्या वर्षीं, हॅरोस शिकत असतां, कांहीं दारुडे एका कंगालाची शवपेटी गाणीं म्हणत नेत असलेले त्यांनीं पाहिले. पेटी खालीं पडली, तेव्हां ते लोक शिव्या देऊं लागले. गरिबांचा कैवार घेण्याचा निश्चय त्यांनीं तेथेंच केला.

पुढें त्यांच्या खटपटीनें १८४२ मध्यें कायदा होऊन स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे ह्यांस खाणींत उतरविणें बंद झालें. दरिद्री मुलांच्या मोफत शाळांच्या संघाचे ते सुमारें ४० वर्षें अध्यक्ष होते. १८८५ मध्यें त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हां लंडनचे गोरगरीब रस्त्यांच्या दुतर्फा उभे राहिले.

वाचकहो, मुलें जें पाहतात तें जन्मभर धरून ठेवितात. गांवांतील गरिबाचें प्रेत निघेल, तेव्हां आपण खांदा द्यावा, व मुलांसहि बरोबर न्यावें.