अकरा दिवसांचं भाड्याचं घर

सीवूड्समध्ये रूम शोधताय? मग पुढचं सगळं तुम्हाला पाठ असेल. स्टेशनवर उतरायचं, मॉलमधून बाहेर यायचं, एजंटच्या स्कूटीवर मागे बसायचं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, एका भाड्याएवढी दलाली, पोलीस व्हेरिफिकेशन. आणि गेटवरच कळतं, बॅचलर चालत नाहीत.

मी आणि माझा मित्र दोन महिने असेच फिरतोय. त्याला बेलापूरला नोकरी लागलीय आणि तो रोज कल्याणहून येतो. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, फक्त टोकन द्यायचं बाकी होतं. मालकांनी फोनवर माझं आडनाव विचारलं, मग त्याचं. नंतर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी एजंट म्हणाला, सोसायटीचं काहीतरी आहे. मित्र काहीच बोलला नाही. रात्री त्याने मला एका छोट्या पुस्तकाची पीडीएफ पाठवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

बाबासाहेब म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? संविधान, निळा कोट, पुढे केलेलं बोट. भाड्याची खोली शोधत एका परक्या शहरात फिरणारा सव्वीस वर्षांचा तरुण आठवतो का? मला तरी आठवत नव्हता.

खोलीची अडचण त्यांना नवी नव्हतीच म्हणा. जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाले, मग दापोली, सातारा आणि शेवटी मुंबई. लोअर परळच्या डबक चाळीत सगळ्या कुटुंबाला मिळून एकच खोली. भांडी, चूल, धूर, सगळं त्यातच. परीक्षा जवळ आली की मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. वडील जागत बसायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे आणि त्याने रिकामी केलेल्या जागी स्वतः आडवे व्हायचे. तुमच्याकडे स्टडी टेबल नाही म्हणून तक्रार असेल, तर जरा थांबा. पुढे परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. त्यातली एक अभ्यासाची झाली. कुटुंब तिथे वीसेक वर्षं राहिलं.

१९१२ मध्ये बी.ए. झालं. १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, १९१६ मध्ये तिथून लंडन. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना कुणी जात विचारली नाही. नवल भथेना नावाचा पारशी मित्र तिथेच भेटला आणि ती दोस्ती जन्मभर टिकली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिष्यवृत्तीचा करार होता की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्यामुळे १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला निघाले. स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नाही. नोकरी होती, राहायचं कुठे ते ठरलेलं नव्हतं. हिंदू खाणावळीत जात लपवून राहता आलं असतं, पण उघड झालं तर काय, ही भीती होती. शिकायला परदेशी गेलेले ओळखीचे लोक बडोद्यात होते, पण त्यांच्या दारात जाऊन नकार ऐकायचा धीर होईना.

शेवटी टांगा एका पारशी विश्रामगृहाकडे वळवला. वरच्या मजल्यावर पोचल्यावर तिथल्या रखवालदाराने बघितलं, अंगात सद्रा नाही, कमरेला कस्ती नाही. कोण तुम्ही? हिंदू. मग इथे जागा नाही. बाबासाहेबांनी पारशी नावाने नोंद करायची तयारी दाखवली आणि तो कबूल झाला, कारण कित्येक दिवसांत गिऱ्हाईक आलं नव्हतं. जेवणखाण धरून रोजचा दीड रुपया.

ती जागा कशी होती? एक मोठा दिवाणखाना मोडक्या बाकांनी, टेबलांनी भरलेला. वीज नाही, एक कंदील. रात्री वटवाघळं फडफडायची. बोलायला कुणी नाही. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात काम आणि रात्री हा अंधार. तरीही त्यांना ते बरं वाटत होतं, कारण डोक्यावर छप्पर होतं. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून ते कचेरीला निघणार, तोच जिन्यात पावलं वाजली. दहा-बारा पारशी, हातात काठ्या. पारशी नावाने राहून जागा बाटवली म्हणून जाब. एक आठवडा द्या, ही विनंती कुणी ऐकली नाही. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर.

आता पुढचं नीट वाचा, कारण मला मालकांचा न उचललेला फोन इथेच कळला. दिवाणांनी काही केलं नाही. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तू आलास तर माझे नोकर निघून जातील, असं त्याचं म्हणणं पडलं. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. म्हणजे समोर आलेल्या माणसांत स्वतःला अडचण आहे असं कबूल करणारा एकही नाही. अडचण नेहमी दुसऱ्या कुणाची तरी. आमच्या एजंटची मालकांमुळे, मालकांची सोसायटीमुळे.

मुंबईची गाडी रात्री नऊला. पाच तास काढायचे होते. ते कामाठी बागेत जाऊन बसले, आई-वडिलांच्या आठवणी येत राहिल्या. आठच्या सुमारास विश्रामगृहातून सामान उतरवलं. रखवालदार बाहेर आला. आपल्यामुळे हे झालं असं त्याला वाटत असावं. बिल दिलं, त्याने घेतलं, दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

कामाठी बागेला आता सयाजीबाग म्हणतात, आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

पुढचं तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहे, मी पळवतो. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये पुन्हा लंडन. त्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा उसने देणारा कोण? नवल भथेना. त्यामुळे या गोष्टीत एका समाजाला खलनायक करायची घाई करू नका. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, तेही पुस्तकांना पुरेल असं. मग घटना समितीची मसुदा समिती. आणि १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर दिल्लीत पुन्हा दुसऱ्याचं घर, २६ अलीपूर रोड, सिरोहीच्या राजांचा बंगला. ६ डिसेंबर १९५६ ला पहाटे त्यांचं निधन तिथेच झालं.

संविधानाच्या १५ व्या कलमात हॉटेलं आहेत. ते विश्रामगृह आज हॉटेल म्हणून चालत असतं, तर जात बघून दार लावता आलं नसतं. खासगी फ्लॅट त्या यादीत नाही. मात्र १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा बाबासाहेब हयात असतानाच झाला आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. पण कारण सांगतंय कोण? उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीची फक्त पारशीच सभासद ही अट सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली. सहकारी संस्थेला सभासद निवडायचं स्वातंत्र्य आहे, असं त्यामागचं म्हणणं. लॉ करणाऱ्यांनो, तो निकाल एकदा वाचाच.

आमचं काय? गेल्या रविवारी करावे गावात एक वन आरके बघितला. खिडकी लहान आहे, पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. घरमालकीण काकूंनी आधी मित्राला चहा विचारला, मग नाव विचारलं. त्याने आडनावासकट पूर्ण सांगितलं. काकू म्हणाल्या, संध्याकाळी मुलगा येईल, त्याला विचारून कळवते.

मित्र ठाण्याच्या गाडीत बसला. मी अजून फोनची वाट बघतोय.