खोटे पकडणाऱ्या यंत्राचे जनक : जॉन लार्सन

लाय डिटेक्टर आपल्याला चित्रपटांतून माहीत आहे. तो तयार करणारे जॉन ऑगस्टस लार्सन यांची आज आपण ओळख करून घेऊ.

लार्सन यांचा जन्म १८९२ साली कॅनडात झाला. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवूनही ते अमेरिकेतील बर्कली येथे पोलिसात नोकरीस होते. त्या काळी अमेरिकेत मारहाण करून कबुली घेणे सर्रास चाले. पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या प्रोत्साहनाने लार्सन यांनी १९२१ मध्ये रक्तदाब, नाडी व श्वास यांची सलग नोंद घेणारे यंत्र बनवले. मुलींच्या वसतिगृहातील चोऱ्यांच्या तपासात ते वापरले गेले. तेव्हा तपासणी झालेल्या मार्गारेट टेलर पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

यंत्र गाजले, पण लार्सन अस्वस्थ होत गेले. छाती धडधडते ती खोटे बोलल्यानेच असे नाही, भीतीनेही धडधडते. बँकेत सही करताना हात थरथरणारे कितीतरी प्रामाणिक खातेदार आम्हीही पाहिले आहेत. मारहाण थांबावी म्हणून केलेले यंत्रच धाक दाखवायला वापरले जाऊ लागले, तेव्हा लार्सन यांनी त्यावर उघड टीका केली. पुढे ते मनोविकारतज्ज्ञ झाले. १९६५ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये संमतीशिवाय अशी चाचणी करण्यास मनाई केली. घरातही कोणी अडखळत बोलले, तर लगेच खोटे ठरवू नये, एवढे आपण लक्षात ठेवू.