विश्लेषण : टाटा रुग्णालय, टीआयएफआर, एनसीपीए... या सगळ्यांमागचे दोराबजी टाटा कोण होते?

एका हिऱ्याची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असते. टाटांनी हिरा विकून कामगारांचे पगार केले, असे एका मेसेजमध्ये असते. त्याच हिऱ्यातून परळचे कॅन्सर रुग्णालय उभे राहिले, असे दुसऱ्यात. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन वेगवेगळे प्रसंग एकत्र झाले आहेत. दोन्ही प्रसंगांच्या मध्यभागी असलेला माणूस मात्र मेसेजमध्ये क्वचितच दिसतो. सर दोराबजी टाटा हे त्यांचे नाव.

वडील जमशेटजी, मग दोराबजींचे काम काय?

जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईचा, २७ ऑगस्ट १८५९. केंब्रिजमध्ये दोन वर्षे काढून ते परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवीधर झाले. पहिली नोकरी थेट कापड धंद्यात नव्हती. ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात त्यांनी सुमारे दोन वर्षे पत्रकारिता केली. (आमच्या डेस्कवर ही माहिती सर्वांना आवडली.) त्यानंतर वडिलांनी त्यांना धंद्यात घेतले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये धाडले.

नागपूरचाच एक किस्सा सांगतात. दोराबजी सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. थांबावे लागणार म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवरच्या भूगर्भ नकाशात दुर्ग भागात लोहखनिजाची खूण दिसली आणि शोधाला दिशा मिळाली. कारखाना पुढे तिथे झाला नाही, तो साकचीला म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला.

जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत वारले, तेव्हा पोलाद कारखाना, बंगळूरुची विज्ञान संस्था आणि जलविद्युत प्रकल्प ही तिन्ही स्वप्ने कागदावरच होती. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम दोराबजींकडे आले. पोलादासाठी लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला. १९०७ मध्ये त्यांनी देशातच समभाग विक्रीला काढले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी भांडवल उभे केले. बंगळूरुची संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. पहिले पोलाद १९१२ मध्ये बाहेर पडले. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली.

याच विजेच्या विस्तारात मुळशीही येते, आणि ते वगळून दोराबजींचे चरित्र सांगणे बरोबर नाही. धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. धरण झालेच. गिरण्यांना वीज मिळाली, गावे बुडाली. पुढे ज्याच्या दानशूरपणाचे दाखले दिले गेले, त्याच उद्योगसमूहाचा हा हिशेब आहे.

ऑलिम्पिकशी त्यांचा संबंध काय?

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तिथल्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या तरुणांच्या वेळा त्यांनी पाहिल्या आणि ही मुले ऑलिम्पिकला जाऊ शकतात, असे त्यांना वाटले. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू गेला, त्यात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार हे मॅरेथॉन धावपटू आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

मग हिऱ्याचे खरे काय?

पहिला प्रसंग १९२४ चा. महायुद्धानंतर कारखान्याचा विस्तार हाती घेतला होता, कर्ज वाढत होते. परदेशी पोलाद स्वस्तात येत होते. १९२३ च्या भूकंपानंतर जपानकडून येणारी मागणीही घसरली. जमशेदपूरहून तार आली, पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खासगी मालमत्ता इम्पिरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ‘ज्युबिली’ हिराही होता. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. म्हणजे १९२४ मध्ये हिरा विकला गेला नाही, गहाण पडला. कारखाना सावरला आणि हिरा परत आला.

दुसऱ्या प्रसंगाची सुरुवात मेहेरबाईंच्या मृत्यूपासून होते. त्या भाभा घराण्यातल्या, होमी भाभांच्या आत्या. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्या. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय अवघे ५१. त्या काळी या आजारावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते, आणि पैसा असून उपयोग नव्हता.

दोघांना मूलबाळ नव्हते. दोराबजींनी आधी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ट्रस्ट ठरवला. त्यातला मोठा हिस्सा जगभरातल्या संशोधकांसाठी होता. मग ११ मार्च १९३२ रोजी उरलेले सगळे स्वतःच्या नावाच्या ट्रस्टला देऊन टाकले. टाटा सन्सचे समभाग, जमीनजुमला, मेहेरबाईंचे २१ दागिने, इतकेच काय, मोत्याची टाय-पिनही. एकूण किंमत सुमारे एक कोटी. शिक्षण, संशोधन आणि गरजूंना मदत हे उद्देश ठेवले, आणि जात, धर्म, देश यांची अट घातली नाही. एखाद्या ठरावीक कामाला पैसा बांधून ठेवला नाही, हे इथे सर्वात महत्त्वाचे. त्यामुळे पुढच्या विश्वस्तांना काळाची गरज पाहून निर्णय घेता आले.

जेमतेम तीन महिन्यांत, पत्नीच्या समाधीकडे जाण्यासाठी निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे वारले. तारीख ३ जून १९३२. इंग्लंडमधल्या ब्रूकवूड दफनभूमीत मेहेरबाईंशेजारीच त्यांना ठेवले आहे. हिऱ्याची विक्री त्यानंतरची. आलेला पैसा ट्रस्टकडे गेला.

त्या पैशातून काय उभे राहिले?

१९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था, म्हणजे आजची टिस. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधन संस्थेसाठी मदत मागितली आणि १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली. १९६९ मध्ये संगीत-नाट्य-नृत्यासाठी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला याच ट्रस्टचा आधार मिळाला, त्यामागे होमींचे भाऊ जमशेद भाभा होते.

रुग्णालय आज टाटांचे नाही, हे अनेकांना माहीत नसते. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. ट्रस्ट मात्र आजही आहे. टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी टाटा घराण्याच्या अशा ट्रस्टांकडे आहे, त्यात दोराबजींचा वाटा मोठा. म्हणून कंपनी लाभांश देते, तेव्हा त्यातला मोठा भाग या ट्रस्टांच्या खात्यात येतो. मेहेरबाईंच्या नावाच्या ट्रस्टकडून रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या परदेशी आणि भारतीय संशोधकांना आजही निधी मिळतो.