रोजच्या जगण्यातला धर्म : रेव्हरंड नारायण वामन टिळक

'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. ती लिहिणारे रेव्हरंड टिळक ख्रिस्ती पाळक होते, हे मात्र मुलांना सांगायचं बरेचदा राहून जातं.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. ते वाचताना ख्रिस्ताचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. नातेवाईक दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. त्यांचा वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी सगळं चालू दिलं. हळूहळू लक्ष्मीबाईंनाच माणसामाणसांतली शिवाशिव खोटी वाटू लागली आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. जे घरात जपता येत नाही, ते प्रवचनात सांगून काय उपयोग?

१९०४ मध्ये टिळक पाळक झाले. पण त्यांनी आपली भाषा आणि संतपरंपरा सोडली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी अभंग, भजनं लिहिली, कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये ती भजनं आजही म्हटली जातात.

आपल्या खानदेशाशीही त्यांचं नातं आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरे कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' झाला. टिळकांनी या पोराला नगरला आपल्या घरी नेलं, मुलासारखं सांभाळलं. जात आणि धर्म आड आले नाहीत. सावद्याहून जळगावला रेल्वेने जाताना भुसावळच्या पुढे भादली स्टेशन लागतं. १९१८ च्या मे महिन्यात तिथेच बालकवींचा रेल्वेखाली अंत झाला. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

त्याआधी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्यांना टिळकांनी घरी अक्षरओळख करून दिली, त्याच लक्ष्मीबाईंनी नंतर 'स्मृतिचित्रे' लिहिली.

वर्गात टिळकांची कविता शिकवताना एवढं जरूर सांगूया : श्रद्धा ठाम असली तरी दुसऱ्यावर लादायची नसते. आपल्या वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं एका रांगेत बसून डबा खातात. टिळकांचा धर्म त्यांना समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही.