विश्लेषण : पहिल्या महायुद्धात लढलेले मुंबईकर वैमानिक श्रीकृष्ण वेलिंकर कोण होते?

वडगाव मावळच्या पोलिस ठाण्याच्या आवारात ‘इष्टुर फाकडा’ची समाधी आहे. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा इंग्रज फौजेतील अधिकारी ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना मारला गेला. स्टुअर्टचे मराठीत इष्टुर झाले आणि शत्रूचा अधिकारी असूनही त्याची आठवण मावळाने जपली. त्यानंतर १३९ वर्षांनी नेमके उलट घडले. मुंबईचा एक तरुण इंग्रजांच्या बाजूने लढताना फ्रान्समध्ये पडला, शत्रूने त्याचे दफन केले आणि तिथे त्याचेही नाव बदलले. हा तरुण म्हणजे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर.

सुरुवात कुठे झाली?

वेलिंकर यांचा जन्म १८९४ मध्ये मुंबईत झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये दाखल झाले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. वर्गमित्र एकेक करून सैन्यात जाऊ लागले. वेलिंकर यांनी लढाऊ वैमानिक होण्याचा मार्ग निवडला.

भारतीयांसाठी हे अवघड का होते?

युद्धात लाखो भारतीय जवान लढत होते. मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा, म्हणजे ‘किंग्ज कमिशन’, भारतीयांना जवळपास बंद होते. विमानाचा वैमानिक बहुतेक वेळा अधिकारीच असे. त्यामुळे उड्डाण येत असले तरी वर्ण आडवा येई. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या हरदितसिंग मलिक यांनाही आधी नकार मिळाला होता. फ्रान्सचे हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाले, तेव्हा कुठे ब्रिटिशांनी दार उघडले.

१९१७ मध्ये वेलिंकर यांनाही रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये कमिशन मिळाले. त्या काळातील भारतीय लढाऊ वैमानिकांत प्रामुख्याने चार नावे घेतली जातात : मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिंकर. १ एप्रिल १९१८ रोजी फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली. वेलिंकर या नव्या दलाच्या २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते.

त्यांचे विमान कसे होते?

या स्क्वॉड्रनकडे ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे दोन पंखी, एकआसनी विमान होते. त्याची रचना जगावेगळी होती. सहसा दुपंखी विमानात वरचा पंख पुढे असतो, डॉल्फिनमध्ये तो खालच्या पंखापेक्षा मागे होता. वरच्या पंखाच्या मध्यभागी नुसती पोलादी चौकट होती आणि वैमानिकाचे डोके त्यातून वर येई. त्यामुळे वरचे आणि पुढचे आकाश स्पष्ट दिसे. हवाई लढाईत शत्रू आधी दिसणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे.

पण याची किंमतही होती. उतरताना विमान उलटले, तर सगळा भार थेट वैमानिकाच्या डोक्यावर आणि मानेवर येण्याचा धोका असे. सुमारे २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुईझा इंजिन ताकदवान होते, पण त्याचे गिअर दगा देत. हे विमान सुमारे ६,००० मीटरपर्यंत चढू शके, म्हणजे लोहगडाच्या उंचीच्या जवळपास सहापट. तिथली थंडी वैमानिकाला उघड्यावर सोसावी लागे. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिले जात नव्हते. विमान पडले तर त्याच्यासोबत खाली जाणे एवढेच हातात उरे.

२७ जून १९१८ रोजी काय घडले?

१९१८ च्या वसंतात जर्मनीने मोठी चढाई केली होती. ती फ्रान्समधील आमिआं शहराच्या अलीकडे थोपवली गेली आणि त्या आघाडीवर रोज हवाई गस्ती सुरू होत्या. २७ जूनला वेलिंकर अशाच गस्तीवर गेले आणि परतलेच नाहीत. कागदोपत्री ते बेपत्ता ठरले.

प्रत्यक्षात ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते. तीन दिवसांनी, ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे २३. जर्मनांनी त्यांचे दफन अधिकाऱ्याच्या मानाने केले, पण क्रुसावर नाव चुकीचे लिहिले गेले. युद्ध संपल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा ती कबर वेलिंकर यांची असल्याचे निष्पन्न झाले. आता हँगार्ड गावाजवळच्या युद्ध दफनभूमीत त्यांच्या खऱ्या नावाचा दगड आहे.

बाकीच्या तिघांचे काय झाले?

सेन १९१७ मध्येच युद्धकैदी झाले होते. वेलिंकर यांच्यानंतर २२ दिवसांनी, २२ जुलैला इंद्रलाल रॉय मारले गेले. त्याआधी त्यांच्या नावावर १० हवाई विजय जमा झाले होते. त्यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. मलिक बचावले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

आज ही आठवण कशासाठी?

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. भारतीय माणूस लढाऊ विमान चालवू शकतो, हे या चौघांनी त्याच्या १४ वर्षे आधीच दाखवून दिले होते. वेलिंकर यांच्या खात्यावर रॉय यांच्यासारखी विजयांची यादी नाही आणि मलिक यांच्यासारखे दीर्घ आयुष्यही त्यांना लाभले नाही. म्हणूनच त्यांचे नाव मागे पडले. ज्या साम्राज्याने त्यांना बरोबरीचा मान सहज दिला नाही, त्याच्यासाठी त्यांनी जीव दिला, हा पेच त्यांच्या कहाणीत आहेच. पण परक्या मातीत हरवलेले त्यांचे नाव एकदा शोधून दुरुस्त झाले आहे. आता ते मराठी वाचकांच्या ओळखीचे व्हायला हवे.