विल्यम स्मिथ (भूवैज्ञानिक)

विल्यम स्मिथ (२३ मार्च, १७६९ – २८ ऑगस्ट, १८३९) हे इंग्लिश भूमापक, कालव्यांचे अभियंते आणि भूवैज्ञानिक होते. खडकांचे थर ठरावीक क्रमाने एकावर एक असतात आणि प्रत्येक थर त्यातील विशिष्ट जीवाश्मांवरून ओळखता येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजणी व निरीक्षणाच्या आधारे दाखवून दिले. या तत्त्वावर त्यांनी १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग यांचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. एवढ्या विस्तृत प्रदेशाचा इतका तपशीलवार भूवैज्ञानिक नकाशा त्यापूर्वी झालेला नव्हता. त्यांना इंग्लिश भूविज्ञानाचे जनक मानले जाते. मात्र हा मान त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी मिळाला. त्याआधी त्यांना कर्जापायी तुरुंगवास भोगावा लागला होता.

बालपण आणि शिक्षण

स्मिथ यांचा जन्म ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या खेड्यात झाला. त्यांचे वडील लोहार होते. विल्यम आठ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि त्यांचा सांभाळ शेतकरी असलेल्या काकांनी केला. गावातील शाळेपलीकडे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. भूमिती व मोजणीचे ज्ञान त्यांनी मुख्यतः स्वतःच्या वाचनातून मिळविले.

चर्चिलच्या परिसरातील जमीन चुनखडकाची आहे. तेथील शेतांत नांगरताना सागरी अर्चिन या प्राण्याचे गोल, जड जीवाश्म सापडत. गवळणी लोणी तोलण्यासाठी त्यांचा वजन म्हणून उपयोग करीत. दोन शिंपा असलेल्या लहान सागरी प्राण्यांचे जीवाश्म मुले गोट्यांप्रमाणे खेळायला वापरीत. समुद्रापासून दूर असलेल्या या खेड्यात समुद्रातील प्राण्यांचे अवशेष असे रोजच्या व्यवहारात होते, आणि स्मिथ यांची जीवाश्मांशी ओळख त्यांतूनच झाली.

१७८७ मध्ये ते एडवर्ड वेब या भूमापकाचे साहाय्यक झाले. वेब यांच्याकडे त्यांनी जमिनीची मोजणी, निचरा आणि मातीची पारख यांचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

सॉमरसेटच्या कोळसाखाणी

१७९१ मध्ये एका जमीनदारीच्या मोजणीसाठी स्मिथ सॉमरसेट परगण्यात आले. तेथे त्यांना कोळसाखाणींच्या मोजणीचेही काम मिळाले. इंग्लंडमध्ये त्या काळी कारखाने वाढत होते आणि कोळशाची मागणी झपाट्याने वाढली होती. कोळसा नेमका कोठे मिळेल, हे मात्र अंदाजावरच अवलंबून होते. चुकीच्या जागी खोदलेल्या एका खाणीमुळे मालकाचे दिवाळे निघू शकत असे.

खाणीत उतरल्यावर स्मिथ यांच्या लक्षात आले की, वालुकाश्म, शेल आणि कोळसा यांचे थर प्रत्येक खाणीत त्याच क्रमाने येतात. खाणकामगारांना हा क्रम अनुभवाने माहीत होता आणि कोळशाच्या प्रत्येक थराला त्यांनी नावही दिलेले होते. कोळशाच्या वरच्या तांबड्या मातकट खडकांना मात्र असा क्रम आहे असे ते मानीत नसत. स्मिथ यांनी आणखी एक गोष्ट टिपली. कोळशाचे थर बरेच कललेले होते, तर त्यांच्यावरचा तांबडा खडक जवळजवळ आडवा होता. म्हणजे खालचे थर आधी साचले, नंतर कलले व झिजले आणि त्यानंतर त्यांच्यावर नवे थर साचले असले पाहिजेत. थरांमधील अशा खंडाला भूविज्ञानात विसंगती म्हणतात.

कालव्याचे काम आणि मूळ शोध

खाणींतील कोळसा वाहून नेण्यासाठी सॉमरसेटशायर कोल कॅनॉल हा कालवा काढण्याचे ठरले आणि त्याची मोजणी स्मिथ यांच्याकडे आली. कामापूर्वी १७९४ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधींबरोबर त्यांनी उत्तर इंग्लंडपर्यंत प्रवास करून इतर कालवे व खाणी पाहिल्या. सॉमरसेटमध्ये पाहिलेला थरांचा क्रम दूरवरच्या प्रदेशातही टिकून असल्याचे त्यांना या प्रवासात आढळले.

प्रत्यक्ष खोदाई सुरू झाल्यावर मैलोगणती जमीन उघडी पडली. खडकांचे थर पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेले दिसले. छपरावरची कौले जशी एकावर एक सरकवून मांडलेली असतात, तशी त्यांची रचना होती. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना एकेक थर संपून त्याच्याखालचा अधिक जुना थर पृष्ठभागावर येई.

केवळ खडकाच्या स्वरूपावरून थर ओळखण्यात मात्र अडचण होती. निरनिराळ्या पातळ्यांवरील दोन चुनखडक किंवा दोन चिकणमाती दिसायला अगदी सारख्या असत. त्यांतील जीवाश्म तपासले असता ते निरनिराळे आढळले. एका थरातील शंख-शिंपले, अ‍ॅमोनाइट आणि सागरी अर्चिन यांचा समूह त्या थरात सर्वत्र मिळे, परंतु वरच्या व खालच्या थरांत त्यांची जागा दुसऱ्या जीवाश्मांनी घेतलेली असे. जानेवारी १७९६ मध्ये स्मिथ यांनी या निष्कर्षाची लेखी नोंद केली. वाळू-गोट्यांच्या वरवरच्या राशींत सापडणारे, पाण्याने झिजलेले जीवाश्म दुसरीकडून वाहत आलेले असतात आणि त्यांवरून थर ठरविता येत नाही, हेही त्यांनी ओळखले होते.

१७९९ मध्ये कालव्याच्या कंपनीने त्यांना सेवेतून कमी केले. त्याच वर्षी बाथ येथे बेंजामिन रिचर्डसन आणि जोसेफ टाउनसेंड या जीवाश्मांची आवड असलेल्या दोन धर्मगुरूंशी त्यांचा परिचय झाला. रिचर्डसन यांच्या संग्रहातील जीवाश्म स्मिथ यांनी त्यांच्या थरांनुसार मांडून दाखविले. खडूपासून कोळशापर्यंतच्या २३ थरांचा क्रम त्यांनी सांगितला आणि रिचर्डसन यांनी तो लिहून घेतला. या तक्त्याच्या हस्तलिखित प्रती अभ्यासकांमध्ये हातोहात पसरल्या. छापील ग्रंथ नसल्यामुळे शोधाचे श्रेय मात्र स्मिथ यांच्या नावावर पक्के झाले नाही. याच वर्षी त्यांनी बाथ परिसराचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशाही तयार केला.

१८१५ चा नकाशा

पुढील सुमारे पंधरा वर्षे स्मिथ यांनी शेतजमिनींचा निचरा, समुद्रकिनाऱ्यावरील बांध, खाणी आणि पाणीपुरवठा यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय केला. या कामासाठी ते वर्षाला हजारो मैल प्रवास करीत आणि वाटेतील डोंगर, खाणी, विहिरी व मातीचा रंग यांच्या नोंदी ठेवीत. नकाशासाठी त्यांना कोणत्याही संस्थेचा नियमित आधार नव्हता. सर जोसेफ बँक्स यांनी त्यांना प्रोत्साहन व साहाय्य दिले आणि नकाशा त्यांनाच अर्पण करण्यात आला.

जॉन केरी यांनी १८१५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा नकाशा १५ भागांत होता. भाग जोडल्यावर त्याची उंची सुमारे साडेआठ फूट आणि रुंदी सहा फुटांहून अधिक होई. पाच मैलांस एक इंच असे त्याचे प्रमाण होते. प्रत्येक प्रत हाताने रंगविली जाई. प्रत्येक थराचा रंग त्याच्या तळाशी गडद व वरच्या कडेकडे फिकट ठेवलेला असल्यामुळे कोणता थर कोणत्या थराखाली जातो, हे पाहताक्षणी कळत असे. नकाशा सपाट असूनही तो जमिनीखालची रचना दाखवीत होता. कोळसा, इमारतीचा दगड किंवा पाणी कोठे शोधावे आणि कोठे शोधू नये, याचे अनुमान त्यावरून करता येऊ लागले. यानंतर १८१६ ते १८१९ या काळात त्यांनी जीवाश्मांवरून थर ओळखण्याविषयीचे सचित्र लेखन प्रसिद्ध केले.

आर्थिक संकट आणि तुरुंगवास

बाथजवळ स्मिथ यांनी घेतलेली दगडखाण अपयशी ठरली आणि ते कर्जात बुडाले. त्यांनी आपला जीवाश्मसंग्रह ब्रिटिश म्युझियमला ७०० पौंडांना विकला, तरीही कर्ज फिटले नाही.

लंडनमध्ये १८०७ साली स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीत मुख्यतः सुखवस्तू व उच्चशिक्षित सभासद होते आणि स्मिथ यांना तेथे स्थान नव्हते. सोसायटीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांनी इंग्लंडचा दुसरा भूवैज्ञानिक नकाशा तयार केला. त्यासाठी स्मिथ यांच्या कामाचा उपयोग झाला होता, परंतु त्यांच्या श्रेयाचा यथोचित उल्लेख नव्हता. कमी किमतीला मिळणाऱ्या या नकाशामुळे स्मिथ यांच्या नकाशाची विक्री घटली.

जून १८१९ मध्ये स्मिथ यांना कर्जदारांसाठी असलेल्या किंग्ज बेंच तुरुंगात टाकण्यात आले. ३१ ऑगस्ट रोजी सुटून ते घरी आले, तेव्हा त्यांचे लंडनमधील घर व सामान जप्त झालेले होते. त्यांनी लंडन सोडले. पत्नी मेरी अ‍ॅन यांचा मानसिक आजार आणि अनाथ भाचा जॉन फिलिप्स यांची जबाबदारीही त्यांच्यावर होती. पुढील काही वर्षे त्यांनी उत्तर इंग्लंडमध्ये मिळेल ते मोजणीचे काम करून व व्याख्याने देऊन काढली.

उत्तरायुष्य आणि सन्मान

यॉर्कशायरमधील हॅकनेस येथील जमीनदार सर जॉन जॉनस्टोन यांनी स्मिथ यांना आपल्या जमिनींचे व्यवस्थापक नेमले. स्मिथ यांच्या सूचनेनुसार स्कारबरो येथे १८२९ मध्ये रोटुंडा हे गोलाकार संग्रहालय उभारण्यात आले. त्याच्या भिंतींवरील फळ्यांवर जीवाश्म थरांच्या क्रमानेच मांडलेले होते. सर्वांत जुने तळाशी व सर्वांत नवे वर, अशी ती मांडणी होती.

१८३१ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीने वोलस्टन पदक सुरू केले आणि त्याचे पहिले मानकरी म्हणून स्मिथ यांची निवड केली. त्या वेळचे अध्यक्ष अ‍ॅडम सेजविक यांनी इंग्लिश भूविज्ञानाचे जनक असा त्यांचा गौरव केला. पुढे सरकारने त्यांना वार्षिक १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. १८३५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८३८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीसाठी दगड निवडणाऱ्या समितीत ते होते.

ब्रिटिश असोसिएशनच्या बर्मिंगहॅम येथील अधिवेशनाला जात असताना नॉर्दॅम्प्टन येथे २८ ऑगस्ट, १८३९ रोजी त्यांचे निधन झाले. तेथील सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

स्मिथ यांच्या कार्याशी संबंधित मूलभूत संज्ञा

अवसादी खडक: पाणी किंवा वारा यांनी आणलेला गाळ साचून व घट्ट होऊन बनलेला खडक. वालुकाश्म, शेल व बहुतेक चुनखडक या प्रकारचे असतात. स्मिथ यांचे बहुतेक काम याच खडकांवर झाले. वितळलेला शिलारस थिजून बनणाऱ्या अग्निज खडकात सहसा जीवाश्म नसतात.

थर किंवा स्तर: साचण्याच्या एका टप्प्यात तयार झालेला, वरच्या व खालच्या खडकांपासून वेगळा ओळखता येणारा खडकाचा पट्टा.

अध्यारोपणाचा नियम: थरांची उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना आणि वरचा नवा असतो. हा नियम निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडला होता.

नती: आडव्या पातळीशी थराने केलेला कोन, म्हणजेच थराचा कल.

दृश्यांश: थराचा जमिनीच्या पृष्ठभागावर उघडा पडलेला भाग.

विसंगती: वरचे व खालचे थर साचण्यादरम्यान गेलेल्या दीर्घ काळाची खूण असलेला, झिजेने तयार झालेला पृष्ठभाग.

जीवाश्म: पूर्वीच्या जीवांचे खडकात टिकून राहिलेले अवशेष किंवा ठसे.

जीवाश्म-अनुक्रमाचा नियम: जीवाश्मांचे समूह थरांत ठरावीक क्रमाने येतात, म्हणून दूरच्या दोन ठिकाणचे समकालीन थर त्यांवरून जुळविता येतात. स्मिथ यांचे प्रमुख योगदान हेच आहे. फ्रान्समध्ये झॉर्झ क्यूव्हिए व अलेक्सांद्र ब्राँन्यार यांनी पॅरिस परिसरात स्वतंत्रपणे अशाच पद्धतीने काम केले.

प्रभाव आणि वारसा

जीवाश्मांचा हा क्रम का आढळतो, याचे स्पष्टीकरण स्मिथ यांनी दिले नाही. थरांचे वय वर्षांत सांगण्याचे साधनही त्या काळी नव्हते. तथापि कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा, हे ठरविण्याची खात्रीची पद्धत त्यांच्यामुळे मिळाली. पृथ्वीच्या इतिहासाची कालगणना आणि पुढे उत्क्रांतीचा अभ्यास यांना या पद्धतीचा आधार मिळाला. त्यांचा भाचा जॉन फिलिप्स यांनी १८४१ मध्ये जीवाश्मांच्या आधारे पुराजीव, मध्यजीव व नवजीव अशी महाकल्पांची विभागणी मांडली आणि १८४४ मध्ये मामांचे चरित्र प्रसिद्ध केले. दगडखाणीतील कामगारांच्या बोलीतून स्मिथ यांनी घेतलेली लायस, कॉर्नब्रॅश यांसारखी थरांची नावे आजही प्रचारात आहेत.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये फिलिप्स यांच्यानंतर टॉमस ओल्डहॅम भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८५१ मध्ये भारतात येऊन त्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची धुरा घेतली. दामोदर, वर्धा व गोदावरी खोऱ्यांतील कोळसाधारी गोंडवनी थर परस्परांशी जुळविताना ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म उपयोगी पडले. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला असल्यामुळे तेथे ही पद्धत मर्यादित प्रमाणातच लागू पडते. मात्र दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या आंतरट्रॅपी थरांत जीवाश्म मिळतात. नागपूर परिसरातील अशा थरांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला.

ग्रीनो यांच्या नकाशाच्या १८६५ मधील आवृत्तीवर, तो स्मिथ यांच्या मूळ नकाशावर आधारित असल्याचे अखेर नमूद करण्यात आले. ज्या संस्थेत त्यांना एकेकाळी स्थान नव्हते, त्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या लंडनमधील वास्तूत त्यांच्या नकाशाची प्रत आज जतन केलेली आहे. उपयोजित भूविज्ञानातील कामगिरीसाठी सोसायटी त्यांच्या नावाने पदकही देते.