ब्राउन-सेकार यांचे इंजेक्शन आणि टेस्टोस्टेरॉन शरीरात पोहोचवण्याचे मार्ग

टेस्टोस्टेरॉनची कमतरता असलेल्या पुरुषाला उपचार सुचवला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो: इंजेक्शन घ्यावे, जेल लावावे की गोळी घ्यावी? या प्रश्नाच्या इतिहासाची सुरुवात चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञापासून होते. त्यांचे इंजेक्शन का फसले हे कळले, की आजच्या औषधांचे मार्ग इतके वेगवेगळे का आहेत हेही कळते.

मॉरिशस ते पॅरिस

ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे झाला. वडील अमेरिकन, जहाजावर कप्तान. मुलाच्या जन्माआधीच ते समुद्रात नाहीसे झाले. फ्रेंच वंशाच्या आईने शिवणकाम करून मुलाला वाढवले. लेखक व्हायचे म्हणून ते १८३८ मध्ये पॅरिसला गेले, पण वळले वैद्यकाकडे आणि १८४६ मध्ये डॉक्टर झाले.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांना सवय होती. जठरातील पाचक रस मिळवण्यासाठी ते दोरा बांधलेले स्पंज गिळत आणि पुन्हा ओढून बाहेर काढत. मज्जारज्जूची एक बाजू कापली गेली, तर त्या बाजूची ताकद जाते आणि विरुद्ध बाजूला वेदना व तापमान कळेनासे होते, हे त्यांनी दाखवून दिले. ही अवस्था आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाही, हे त्यांनी १८५६ मध्ये दाखवले. पुढे लंडनचे रुग्णालय, हार्वर्ड विद्यापीठ आणि १८७८ पासून पॅरिसचे कॉलेज द फ्रान्स असा त्यांचा प्रवास झाला.

वयाच्या ७२ व्या वर्षीचा प्रयोग

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर त्यांनी एक खळबळजनक निवेदन केले. कुत्रा आणि गिनी पिग यांची वृषणे कुटून, पाण्यात मिसळून व गाळून तयार केलेला अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. त्यांचा अनुभव असा, की थकवा गेला, प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहता येऊ लागले, हाताची पकड वाढली, लघवीची धारही जोरात येऊ लागली. इंजेक्शने थांबवल्यावर काही आठवड्यांत हा फरक ओसरला.

हा आपला वैयक्तिक अनुभव असू शकतो याची जाणीव त्यांना होती. इतर वयस्कर संशोधकांनी प्रयोग करून पाहावा असे आवाहन त्यांनी केले आणि डॉक्टरांना अर्क विनामूल्य दिला. बाजाराने मात्र वाट पाहिली नाही. तारुण्य परत आणणारे औषध म्हणून असे अर्क विकले जाऊ लागले. २ एप्रिल १८९४ रोजी ब्राउन-सेकार यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या साऱ्या कामावर या एका प्रयोगाची सावली पडली होती.

अर्क का चालला नाही?

वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करतात, पण साठवून ठेवत नाहीत. शिवाय हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क बनवून तपासला. त्यातले टेस्टोस्टेरॉन परिणाम होण्याइतके नव्हतेच. त्यांना बरे वाटले ते बहुधा विश्वासामुळे. याला प्लॅसिबो परिणाम म्हणतात.

कल्पना मात्र बरोबर होती. थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक साठवून ठेवते. त्यामुळे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क वापरून रुग्णाला खरोखर बरे केले. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात मिळायला १९३५ साल उजाडले. अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांना बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम मिळाले. निरोगी पुरुषाचे शरीर साधारण दीड-दोन दिवसांत तेवढे बनवते. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

आजचे मार्ग

साधे टेस्टोस्टेरॉन तोंडाने घेतले तर यकृत ते लगेच निकामी करते. म्हणून वेगवेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या:

• तेलातील इंजेक्शन: साधारण २ ते ३ आठवड्यांनी. स्वस्त पडते, पण सुरुवातीला पातळी खूप वाढते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत उतरते. काहींना मनःस्थितीत व उत्साहात हा चढउतार जाणवतो.
• दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन (अनडेकॅनोएट): सुरुवातीच्या डोसनंतर साधारण १० ते १४ आठवड्यांनी. पातळी स्थिर राहते. ते दवाखान्यातच, सावकाश घ्यावे लागते आणि नंतर अर्धा तास तिथे थांबावे लागते.
• जेल: रोज लावायचे. पातळी बऱ्यापैकी सारखी राहते. हात धुवावेत, जागा कपड्याने झाकावी. नाहीतर स्पर्शातून औषध पत्नीला किंवा लहान मुलांना लागू शकते.
• त्वचेवरची पट्टी: रोज बदलायची. त्वचेला खाज व लाली येण्याची तक्रार बरीच आढळते.
• अनडेकॅनोएटची कॅप्सूल: स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी. तेव्हाच ती लसिकावाहिन्यांमार्फत यकृत टाळून रक्तात पोहोचते.

सगळ्यांत चांगला असा एकच मार्ग नाही. खर्च, सुईची भीती, घरात लहान मूल आहे का, रोज आठवणीने लावणे जमेल का, यावर निवड ठरते.

सुरू करण्यापूर्वी

ब्राउन-सेकार यांच्याकडे रक्ततपासणी नव्हती, आपल्याकडे आहे. लक्षणे असतील, तर सकाळी उपाशीपोटी केलेल्या किमान दोन तपासण्यांत पातळी कमी आल्याशिवाय उपचार सुरू करू नये. थकवा मधुमेह, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे किंवा नैराश्य यांमुळेही येतो. मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती घटते. मार्ग कोणताही निवडला तरी टेस्टोस्टेरॉनची पातळी, रक्ताचा दाटपणा (हिमॅटोक्रिट) आणि वयानुसार प्रोस्टेटची तपासणी ठरलेल्या वेळी करून घ्या. नुसते बरे वाटते म्हणून डोस वाढवू नका आणि तपासणी टाळू नका.